क्षमता बांधणीचं मटण

चहा घ्या, पण हातात गच्च धरून घ्या. हा किस्सा ऐकताना एकाला ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या धुलाईचे पैसे मला द्यावे लागले. माझं नशीबच तसं आहे, दुसऱ्याने खाल्लं-प्यायलं तरी खर्च माझ्या अंगावर!

मी जन्माचा भित्रा, हे आधीच कबूल करतो. शाळेत मास्तरांनी नुसतं "कोण बोललं रे?" विचारलं की वर्गात मी एकटा उभा राहायचो. बोललेलो नसायचो, तरी! रस्त्यात पोलीस दिसला की आजही मी गाडीची कागदपत्रं काढून हातात धरतो, आणि तो बिचारा टपरीवर तंबाखू मळत असतो. आता अशा माणसाने नोकरी कुठली करावी? मी एका ग्रामपंचायतीत क्लार्क आहे. गावाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. शिरूर तालुक्यात आहे, न्हावऱ्यापासून फार लांब नाही, एवढ्यावर भागवा.

सात वर्षं रोजंदारीवर काढली होती. शेवटी मला कायम करण्याचा ठराव पुढच्या मासिक सभेत यायचा होता, विषय नंबर सात. बायकोने, म्हणजे सुनंदाने, त्या सातव्या विषयावर फ्रीजचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. अन् नेमकी तेव्हाच भाऊसाहेबांची बदली झाली.

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. तीन गावांचा चार्ज त्यांच्याकडे, त्यांना धरून तिन्ही गावांचे मिळून आम्ही अठरा कर्मचारी. बदली झाली दौंड तालुक्यात, नदीपलीकडे. निरोप द्यायचा तर जेवण आलंच.

"वर्गणी काढतो भाऊसाहेब," मी म्हणालो. "माणशी दोनशे."

"वर्गणी कशाला?" भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "क्षमता बांधणीचा निधी पडलाय की. मार्चअखेर परतच जायाचा हाय त्यो."

क्षमता बांधणी म्हणजे काय, तर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन हुशार करायला सरकार जे पैसे पाठवतं ते. लोकांच्या घामाचे पैसे.

"पण ते प्रशिक्षणाचे पैसे आहेत, भाऊसाहेब."

"मग प्रशिक्षणच घेऊ की! तू फाईल कर. तुझ्यासारखी फाईल उभ्या तालुक्यात कुणाला जमत न्हाई."

बघा, भित्र्या माणसाला कौतुकाने कसं गुंडाळतात! खरं सांगतो, मी विरघळलो. माझ्या फाईलला पानांचे नंबर असतात, कोपरे सरळ असतात, टाचणी कधी गंजलेली नसते. शिवाय माझा हिशेब असा की चुकीचं काम करायचंच आहे तर कागद तरी इतका पक्का करावा, की उद्या ब्रह्मदेव चौकशीला आला तरी सही करून निघून जाईल.

मटण करणार होते रफिकचाचा. आमच्या भागातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांत त्यांच्या घरचा रस्सा आहे. आता अडचण अशी, की हल्ली पैसे रोखीत देता येत नाहीत, थेट खात्यावर जातात. खातं कुणाचं? चाचांचं. मग कागदावर चाचा कोण? 'आचारी' लिहावं, तर अठरा माणसांच्या चहा-नाश्त्याला आचारी कशाला आणि त्याला एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न यायचा. मी अर्धा तास पेन चावलं आणि लिहिलं, 'तज्ज्ञ मार्गदर्शक'. विषय, 'ओला व सुका कचरा : वर्गीकरण व विल्हेवाट'. चाचांना यातलं काहीही सांगितलं नाही. इथे माझी पहिली चूक झाली, मोजत राहा.

निरोपाची दुपार. भाऊसाहेबांच्या ओळखीच्या एका मळ्यात, आंब्याखाली सतरंज्या. रस्सा रटरटतोय, भाकऱ्या पडतायत, आणि मी हजेरीपत्रक घेऊन एकेकाच्या मागे फिरतोय. सरकारी कामाला फोटो लागतो, तोही असा की खाली ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे. मी सगळ्यांच्या मांडीवर वह्या ठेवल्या, चाचांना पुढे उभं केलं.

"चाचा, हातातली पळी ठेवा खाली."

"मग हातात काय धरू?"

समोर कांद्याच्या सालींची पाटी होती. "ही धरा. अन् बोट दाखवा तिच्याकडं."

"साली कशाला दाखवू? रस्सा दाखवतो की."

"सालीच दाखवा हो चाचा, फोटो चांगला येतो!"

मग अभिप्रायाचे फॉर्म. त्याशिवाय प्रशिक्षण पुरं होत नाही. आमचे पाणी सोडणारे तुकाआप्पा मटणाची नळी चोखत होते. म्हणाले, "काय लिवू?"

"चांगलं लिहा काहीतरी, आप्पा."

तुकाआप्पांनी बोटं पुसली आणि मनापासून लिहिलं, 'असं शिक्षण दर आठवड्याला मिळालं पायजे.' बाकीच्यांनी त्यांचंच बघून लिहिलं. अठरा फॉर्म, अठरा सह्या, सहा फोटो, चाचांच्या खात्याचा नंबर. फाईल अशी झाली, की मलाच वाचून वाटायला लागलं, आपण कचऱ्याबद्दल बरंच काही शिकलो.

तीन आठवडे गेले. मी विसरत आलो होतो. अन् एक दिवस फोन वाजला. शिरूर-दौंड दोन्हीकडचं प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांचा आवाज ऐकूनच मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"तुमची कचरा वर्गीकरणाची फाईल वाचली. पूर्ण वाचली."

पूर्ण! अहो, पूर्ण फाईल कुणी वाचतं का कधी?

"इतक्या छोट्या ठिकाणी प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण, आणि अठराच्या अठरा अभिप्राय उत्कृष्ट! मी असं कधी बघितलं नाही."

कसं बघितलं असेल? झालेलंच नव्हतं!

"पुढच्या बुधवारी दौंडला चाळीस कर्मचारी बोलावलेत. तुमच्या त्या तज्ज्ञ मार्गदर्शकांना घेऊन या. आणि तुम्हीही थांबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

फोन ठेवला. 'बोलायचंय' या एका शब्दाने माझी भूक, झोप आणि पचन, तिन्ही बंद केली. कशाबद्दल बोलायचंय? चेष्टा करतायत का? सगळं कळलंय, आणि चाळीस माणसांसमोर सोलायचंय म्हणून बोलावलंय का? मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"मला कशाला फोन केलास?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "मी तर त्ये प्रशिक्षण घेतलंय बाबा. माझी सही हाय तुझ्या फायलीत."

अन् फोन कट!

राहिले चाचा. ते एका लग्नाच्या मांडवामागे कांदा चिरत होते. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कांद्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं त्यांना वाटलं असेल, पण ते कांद्याचं नव्हतं.

चाचांची सुरी थांबली. "म्हंजी माझ्या खात्यावर पैसं आलं, त्ये मटणाचं न्हवतं?"

"होतं मटणाचंच, पण कागदावर..."

"कागदावर खोटं. माझ्या नावानं. मला न इचारता." त्यांनी सुरी खाली ठेवली. "साठ वर्सांचा झालो रं, संपत. कुणाचा एक चमचा मसाला इकडचा तिकडं केला न्हाई मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती होती ती होतीच, पण आता लाजही वाटली. मान खाली घालून एवढंच म्हणालो, "चाचा, चुकलं. पण तुम्ही आला नाहीत तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी पुन्हा सुरी उचलली, पुढचा कांदा चिरायला घेतला. मग म्हणाले, "यीन. पर एक ध्यानात ठेव. मी खोटं बोलणार न्हाई. मला जेवढं येतंय तेवढंच बोलीन."

झालं! म्हणजे खड्ड्यातून निघालो आणि विहिरीच्या काठावर येऊन बसलो. खरं बोलणारा माणूस सोबत घेऊन खोटं पचवायला निघालोय, याहून भयंकर काही असतं का हो?

बुधवारच्या आधी मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्या खात्यात जुने लोक सांगतात, की कुणी मागायच्या आधी आपणहून खुलासा दिला तर शिक्षा निम्मी होते. मी दोन पानी खुलासा लिहिला, दोन प्रतींत. सुवाच्य अक्षरात. विषय : 'निरोप समारंभातील मटणाबाबत खुलासा सादर करणेबाबत.' संदर्भ काय लिहावा ते कळेना, कारण मला कुणी पत्रच पाठवलं नव्हतं. म्हणून लिहिलं, 'संदर्भ : निरंक.' 'सर्व फेरफार मी स्वतः केले, इतरांचा दोष नाही' असंही लिहिलं, म्हणजे माणूस मोठ्या मनाचा दिसतो. घडी घालून खिशात ठेवला. पकडलोच तर द्यायचा, नाहीतर परत येताना भीमेत सोडायचा, असा बेत.

न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. मोटरसायकलवर पुढे मी, मागे चाचा. उसाच्या ट्रॉल्या चुकवत मी त्यांना शिकवत होतो.

"चाचा, 'जैवविघटनशील' म्हणायचं."

"त्ये काय असतंय?"

"ओला कचरा."

"मग ओला कचराच म्हंतो की."

"निदान 'आचारी' म्हणू नका हो!"

यावर चाचांचं न बोलणं मला पाटस येईपर्यंत पाठीला टोचत राहिलं.

दौंडला हॉल भरलेला. चाळीस कर्मचारी, पुढच्या रांगेत मॅडम. माईकवरून त्यांनी ओळख करून दिली, "कचरा वर्गीकरणातले तज्ज्ञ मार्गदर्शक..." टाळ्या पडल्या. चाचा उठले, टोपी सारखी केली, माईक हातात घेतला.

"मी आचारी हाय."

मी डोळे मिटले. दारापर्यंत किती पावलं आहेत ते मी आधीच मोजून ठेवलं होतं, अकरा.

"लग्नात हजार माणूस जेवून जातं," चाचा सांगत होते. "मग मांडवामागं काय ऱ्हातं, त्ये कुणी बघितलंय? नवरा-नवरीनं न्हाई, सरपंचानं न्हाई. बघतो आचारी, आन् दुसऱ्या दिवशी बघता तुम्ही."

हॉलमधल्या झाडूवाल्या बायका एकदम हसल्या. मी एक डोळा उघडला.

मग काय सांगू! चाचांनी मंडपातला कचरा त्या हॉलमध्ये उभा केला. कांद्याची साल आणि भाजीचे देठ वेगळे ठेवले तर शेळ्यावाला स्वतः येऊन नेतो. त्यातच चहाचा प्लॅस्टिकचा कप पडला, तर शेळी मरते आणि शेळ्यावाला पुन्हा फिरकत नाही. पानाची पत्रावळ खताला जाते, चकचकीत कागदाची जात नाही. सकाळी पहिला कांदा चिरायच्या आधी दोन पाट्या मांडायच्या, संध्याकाळी मांडून उपयोग नाही, कारण एकदा मिसळलेलं कुणीही निवडत बसत नाही.

एक बाई उठल्या. "चाचा, आमच्या गावाला घंटागाडी एकच हाय. कप्पं न्हाईत तिला. मग?"

"मधी गोणपाट बांध की बाई! मी टेम्पोत भांडी आन् लाकडं तशीच नेतो."

बाई लिहून घेत होत्या! चाळीस माणसं लिहून घेत होती! मी सात वर्षांत पन्नास प्रशिक्षणं बघितली, त्यात जागी माणसं पहिल्यांदा बघितली.

शेवटी मॅडमनी खुशीत विचारलं, "चाचा, त्या दिवशी गावातही असंच सांगितलंत ना?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसते हात जोडले. सगळ्यांसमोर, उघड उघड.

"न्हाई," चाचा म्हणाले. "त्या दिवशी माणसं नुसती जेवून गेली. आज ऐकून चालली."

टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, केवढी नम्रता! मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं, माझ्या डोक्यात फक्त 'नुसती जेवून गेली' फिरत होतं. कबुली झाली! आता मॅडमना कळलं! आणि तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पाच मिनिटांनी केबिनमध्ये या. तुमच्या त्या फाईलबद्दल बोलायचंय."

अहो, हॉल आणि केबिन यांच्यामध्ये एक बोळ होता. त्या बोळात आवक-जावकचं टेबल होतं. आणि त्या टेबलामागे एक लिपिक रिकामा बसला होता. ही तीनही माणसाच्या अधःपतनाची कारणं आहेत. मनात एकच, आधी दिला तर शिक्षा निम्मी, आधी दिला तर शिक्षा निम्मी. मी खिशातून खुलासा काढला आणि टेबलावर ठेवला. त्याने वर बघितलंही नाही. धाड्! शिक्का बसला. आवक नंबर टाकला, वहीत नोंद केली, पोच म्हणून माझ्या प्रतीवर दुसरा शिक्का मारला.

मी केबिनमध्ये गेलो. एकदम हलकं वाटत होतं. देवळातून आल्यासारखं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "फाईलमध्ये एक त्रुटी आहे."

"हो मॅडम."

"चाचांच्या पासबुकची झेरॉक्स जोडलेली नाही. आजचं मानधन द्यायचंय त्यांना. तेवढी पाठवून द्या."

"...आणि?" मी विचारलं.

"आणि काय? हां, तुम्ही रोजंदारीवर आहात असं कळलं. इतकं नेटकं काम करणारा माणूस सात वर्षं रोजंदारीवर? मी तुमच्या सरपंचांना पत्र देतेय, कायम करण्याची शिफारस." त्यांनी समोरचा कागद दाखवला. टाईप झालेला. फक्त सही बाकी होती. पेनचं टोपण काढलेलं होतं!

मी खुर्चीतून उठलो. धावत बाहेर जावं, त्या टेबलावरचा कागद खाऊन टाकावा! पण दार उघडलं आणि आवक-जावकवाला आत आला. हातात दिवसभराचं टपाल. सगळ्यात वर दोन पानं, सुवाच्य अक्षर.

"मॅडम, ते माझं आहे," मी हात पुढे केला. "चुकून आलंय. परत देता का?"

"अहो, आवक नंबर पडलाय," लिपिक म्हणाला. "आता कसं देणार?"

त्याचं बरोबर होतं. एकदा आवक नंबर पडला की कागद सरकारचा. हे नियम मी दुसऱ्यांना सात वर्षं शिकवत होतो. मॅडमनी वाचायला घेतलं. याही वेळेला पूर्ण वाचलं. मधेच एकदा त्यांनी शिफारसपत्र उचललं, पेनचं टोपण लावलं आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"हे तुमच्याकडं कुणी मागितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग का दिलंत?"

"भीती वाटली."

त्यांचा चेहरा बघून मला वाटतं, त्यांना माझी दया आली असावी. पण नंबर पडला होता, त्यांचाही इलाज नव्हता.

चौकशी झाली. भाऊसाहेबांना विचारलं, ते म्हणाले मी प्रशिक्षण घेतलं, ही माझी सही. तुकाआप्पांना विचारलं, म्हणाले लई चांगलं शिक्षण होतं, हा माझा अभिप्राय. अठरा फॉर्म, सहा फोटो, पानांचे नंबर, कुठे बोट शिरायला जागा नाही. माझ्या फाईलने सगळ्यांना सोडवलं! त्या अख्ख्या फाईलविरुद्ध पुरावा म्हणून जगात एकच कागद होता, त्यावर माझी सही होती आणि त्यात इतरांचा दोष नाही असं मीच लिहिलं होतं. रफिकचाचा खरं सांगायला तयार होते, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. सगळा खर्च माझ्या पगारातून दहा हप्त्यांत वसूल करायचा आदेश निघाला. विषय नंबर सात तहकूब. नोकरी तेवढी वाचली, रोजंदारीवर.

पहिली कपात झाली त्या दिवशी सुनंदाने पगाराचे पैसे मोजले, पुन्हा मोजले.

"ह्ये कमी कसं?"

सांगावं लागलं. सगळं सांगितलं. ती चिडेल, भांडी आपटेल, म्हणून मी दाराजवळच उभा राहिलो होतो. पण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी अठरा माणसांच्या मटणाचं पैसं आपण भरायचं."

"हो."

"जाऊ द्या. आता भरायचंच हाय तर भरू." तिने नोटा डब्यात टाकल्या, झाकण लावलं. मग जरा मऊ आवाजात विचारलं, "पर तुम्ही तरी पोटभर खाल्लं न्हवं?"

"मी सह्या घेत होतो," मी म्हणालो. "माझ्यापर्यंत येईस्तोवर संपलं होतं."